सोनं कधी विरघळतं?

वैजापूरहून एका विद्यार्थिनीने विचारलंय: सराफाच्या कसोटीवर टिकणारं सोनं अम्लराजात कसं विरघळतं?

कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासला की पिवळी रेघ उमटते. तिच्यावर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला, की पितळेची रेघ बघता बघता नाहीशी होते. चोख सोन्याची तशीच राहते.

याच गुणाच्या जोरावर विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर गलाईचा धंदा करत आली आहेत. दागिन्यातली चांदी आणि तांबं तेजाबात विरघळवायचं, सोनं मागे उरतं. मेख एवढीच, की सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून सगळं वितळवतात. सोनं शुद्ध करायचं, तर त्यात चांदी मिसळायची! मला ही युक्ती फार आवडते. तेजाब ओतलं की तपकिरी धूर उठतो, फुप्फुसांना अतिशय घातक. शेवटी तळाशी उरते तपकिरी भुकटी. ओळखीची नसेल तर माती समजून कुणीही फेकून देईल. ती धुऊन आटवली की पिवळी झळाळी येते. वरच्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली, की तिच्यावर चांदीचा करडा थर धरतो.

आता अम्लराज: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. एकटं हायड्रोक्लोरिक सोन्याचं काही बिघडवू शकत नाही. नायट्रिक सोन्याचे इलेक्ट्रॉन काढतं, पण इतके थोडे, की क्रिया लगेच थांबते. भरलेल्या विहिरीत झरा असतो, तरी पाणी वाढत नाही. उपसा सुरू केला की झरा पुन्हा वाहू लागतो. अम्लराजात उपसा करतं क्लोराइड. सोन्याचा आयन सुटला रे सुटला, की चार क्लोराइड त्याला धरून बसतात. मग पुढचा सुटतो.

म्हणून ‘सर्वांत जहाल आम्ल कोणतं’ ही चर्चा मला फोल वाटते. हायड्रोफ्लोरिक आम्ल पुस्तकात सौम्य गटात बसतं आणि काच खातं. तीव्र नायट्रिक तांब्याला गिळतं, पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि ते तिथंच अडतं.

विरघळलेलं सोनं परतही येतं. उरलेलं नायट्रिक घालवून द्रावणात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाका. तीच तपकिरी भुकटी हळूहळू तळाला बसू लागते.