धूर, पान आणि मावा



पिकावर मावा पडला की आपण ढगाळ हवेला नाहीतर बियाण्याला दोष देतो. धुराचाही त्यात वाटा असू शकतो, हे आज सांगावयाचे आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या पूर्वेस पारस येथे व पश्चिमेस भुसावळजवळ दीपनगर येथे विजेसाठी कोळसा जळतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून मालमोटारी अहोरात्र धावतात. कोळशाच्या धुरात गंधकाचे व नायट्रोजनचे वायू असतात, मोटारींच्या धुरात मुख्यतः नायट्रोजनचे. या नायट्रोजनच्या वायूंपासून कडक उन्हात ओझोन तयार होतो. तो धुराड्यातून निघत नाही, तर वाऱ्याबरोबर जाता जाता हवेतच बनतो. म्हणून त्याचा मार पुष्कळदा शहरापेक्षा शिवाराला अधिक बसतो.

पानावरील सूक्ष्म रंध्रांवाटे हे वायू आत शिरतात. पेशींना इजा झाली की प्रथिने फुटून अमिनो आम्ले मोकळी होतात. झाडाच्या रसात माव्याला नेमके हेच अन्न कमी मिळते. म्हणजे पान आजारी पडले की माव्याची पंगत बसते.

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लंडनच्या साध्या हवेतील झाडांवर मावा गाळलेल्या हवेपेक्षा जोमाने वाढला. झाडाऐवजी कृत्रिम अन्नावर ठेवून मावा त्याच वायूंत ठेवला, तेव्हा मात्र फरक पडला नाही. बिघाड पानात होता.

शिवाय कीड लागलेले झाड गंध सोडते व त्या मागावर किडीचे शत्रू येतात. ओझोन तो गंधच मोडतो.

तथापि सर्वच किडींना हा नियम लागू नाही. २०१७ सालच्या गुलाबी बोंडअळीचे खापर धुरावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती अळी बीटी वाणाला पचवू लागली होती.

केंद्र सरकारने २०१५ साली वीजकेंद्रांच्या गंधकवायूला मर्यादा घातली आणि २०२५ साली, चिमणी पुरेशी उंच असेल तर, बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट दिली. उंच चिमणीने धूर नाहीसा होत नाही, दूरच्या शेतावर जातो. कारखान्यातील कामगाराला धुराची बाधा झाली तर तो निदान मालकाच्या दारात उभा राहू शकतो. शेतकऱ्याने फवारणीचे बिल कोणाच्या दारात न्यावे? म्हणून पहिली मागणी साधी आहे : हवा शहरात मोजता, तशी शिवारातही मोजा.