धरणासाठी वसलेले कोयनानगर

लातूर जिल्ह्यात भूकंप म्हटला की किल्लारीचे स्मरण होते. तथापि ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेपूर्वी पाव शतक, सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात नदीकाठच्या एका लहानशा वसाहतीवर असाच प्रसंग ओढवला होता. ती वसाहत म्हणजे कोयनानगर.

१९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील अभियंते, कारागीर व मजूर यांच्या निवासासाठी हे नगर उभारण्यात आले. धरण पिढ्यान्‌पिढ्यांसाठी असते, वसाहत मात्र कामापुरती मानली जाते. घरांचा दर्जाही पुष्कळदा त्याच हिशेबाने ठरतो. दख्खनचे पठार त्या काळी भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक समजले जात असे. १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा धक्का बसला. सुमारे १८० माणसे दगावली. कोयनानगरातील बहुसंख्य घरे पडली किंवा राहण्यास अयोग्य झाली. धरणाची आखणी गुरुत्वीय त्वरणाच्या अवघ्या ५ टक्के भूकंपबल गृहीत धरून झाली होती; धरणातील यंत्रावर प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्क्यांची नोंद झाली. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला आडवे तडे गेले, परंतु ती उभी राहिली. पुढे तिला पाठीमागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. जलाशयामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे उदाहरण आज जगभर दिले जाते.

किल्लारीच्या वेळी माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाकडेही बोट दाखविले गेले. कोयनेइतका निर्विवाद संबंध मात्र प्रस्थापित झाला नाही. साम्य होते ते घरांत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचे जड धाबे कोसळून लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अशा भिंतीचे आतले व बाहेरचे पदर हादऱ्याने सुटतात. भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे दगड ठराविक अंतरावर बसविणे, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर घराभोवती अखंड सलोह काँक्रीटचा पट्टा घेणे आणि धाब्यावरील मातीचा भार कमी करणे, हे उपाय गावच्या गवंड्यालाही करता येण्याजोगे आहेत. शाळाखोली अथवा ग्रामपंचायतीची इमारत बांधताना पट्टा नकाशात दाखविला आहे काय, हे काम सुरू होण्यापूर्वीच पाहावे लागते. गिलावा झाल्यावर तो दिसत नाही.