दिंडी धरावी ती कशासाठीं?

आषाढी वारींत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्याहून निघून, सदाशिवनगरजवळचें रिंगण आटोपून, संध्याकाळीं माळशिरसच्या तळावर उतरते. एवढ्या समुदायांत नवख्यानें शिरावें कसें? एकट्यानें नव्हे, दिंडींतून. हैबतबाबा आरफळकरांनीं एकोणिसाव्या शतकांत हा सोहळा शिस्तीस लावला. त्यांत प्रत्येक दिंडीची जागा रथाच्या पुढें वा मागें ठरलेली असते. नवख्यानें दिंडीप्रमुखाकडे आधीं नांव द्यावें, जेवणखर्चाची भिशी भरावी आणि वाटेंत आपला विणेकरी नजरेआड होऊं देऊं नये.

या शिस्तीचें मर्म तळावरच्या समाजआरतीच्या वेळीं कळतें. दिंड्या पालखीभोंवतीं उभ्या राहतात. चोपदार चोप उंच करतात आणि टाळमृदंग एकदम थांबतात. हरवल्या-सांपडल्या वस्तूंची वर्दी दिली जाते. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशीं जाऊन गाऱ्हाणें ऐकतात. त्यानंतरच आरती होते. एका दिंडीच्या टाळांसाठीं सारा समाज थांबून राहतो. एकट्याचें गाऱ्हाणें गर्दींत बुडून जातें, दिंडीचें ऐकलें जातें. नवख्यानें दिंडी धरावी ती याचसाठीं.