खाडीलाही पाण्याचा वाटा हवा

समुद्राला मिळणारे नदीचे पाणी वाया जाते, असे सर्रास म्हटले जाते. कोयना प्रकल्पाच्या अवजलाबाबत तर हे विधान वर्षानुवर्षे ऐकू येत आहे. वीजनिर्मितीनंतर हे पाणी चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीत येते आणि दाभोळच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. ते मुंबईकडे वळवावे, अशा सूचना अनेकदा पुढे आल्या आहेत. तहानलेल्या शहराची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु समुद्रास मिळण्यापूर्वी हे पाणी खाडीत कोणते काम करते, याचा विचार या चर्चेत अभावानेच आढळतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात ते नाममात्र असतात. भरतीबरोबर खारे पाणी खाडीत आत सरकते, ओहोटीस मागे हटते. पावसाळ्यात नदीचा लोंढा त्यास मुखाकडे रेटतो, तर उन्हाळ्यात नदी क्षीण झाली की ते पुन्हा आत शिरते. कोणता मासा कोठे राहील, हे पुष्कळ अंशी या चढउतारावर ठरते. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात पाणी सतत शिरते व त्यास ते बाहेर टाकावे लागते. समुद्रातील माशाच्या शरीरातून उलट पाणी झिरपून जाते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो. बहुतेक माशांना यांपैकी एकच रीत साधते. बोय, काळुंदर, जिताडा यांसारख्यांना दोन्ही साधतात, म्हणून खाडी त्यांना मानवते.

शिवाय कित्येकांना आयुष्याच्या निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळे पाणी लागते. जिताडा मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिले कमी क्षारांच्या पाण्यात वाढतात. समुद्रात जन्मलेली कोळंबीची पिले वाढण्यासाठी खाडीत येतात. नदीतील मोठ्या कोळंबीच्या पिलांना मात्र जगण्यासाठी मचूळ पाणीच लागते. क्षारांचा हा क्रम कोठेही तुटला, तर त्या जातीची पुढची पिढी खुंटते.

वाशिष्ठीत हा क्रम माणसाने एकदा बदललेला आहे. १९६२ साली कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली आणि उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नदीत बारमाही पाणी आले. १९७६ सालच्या कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवावयाच्या या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. एवढ्यावरूनही त्याचे प्रमाण ध्यानी यावे. सहा दशकांत खाडीची घडी या पाण्याभोवती बसली आहे. ते अकस्मात काढून घेणे हा दुसरा तितकाच मोठा बदल ठरेल. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणीही याच खाडीत येते. गोड्या पाण्याचा ओघ घटला, तर ते पातळ होण्यास पाणीही कमी पडेल.

तेव्हा अवजल वळविण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मुखापासून गोवळकोटपर्यंत निदान काही वर्षे, सर्व ऋतूंत, क्षारता व मासळी यांची नोंद एकत्र ठेवली जावी. खाडीसाठी किती पाणी, कोणत्या महिन्यात सोडावयाचे, हे योजनेच्या आराखड्यातच लिहिले जावे. खाडीवर पोट असलेल्या भोई कुटुंबांना मासे कोठून कोठे सरकले हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे; त्यांची साक्षही काढली जावी. वाया जाणारे पाणी कोणते, हे त्यानंतरच ठरविता येईल.