डोंगरवाटेचा जोडा

डोंगर चढावयाचा म्हटलें कीं मनुष्य शिदोरी, पाणी आणि पावसाळी डगला यांची जमवाजमव आधीं करतो. पायांतील जोड्याची आठवण त्याला बहुधा शेवटीं होते. वास्तविक शिदोरी विसरली तर सोबती आपल्यांतला घांस देतो. परंतु अर्ध्या वाटेवर पाय निकामी झाला तर दुसऱ्याचा पाय उसना मिळत नाहीं.

नाशिककरांना हा प्रश्न परका नाहीं. त्र्यंबकेश्वराच्या परिसरांत ब्रह्मगिरि, अंजनेरी आणि हरिहर, बागलाणांत १५६७ मीटर उंचीचा साल्हेर, आणि इगतपुरीच्या पलीकडे जिल्ह्याच्या सीमेवर १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, असा हा डोंगरांचा परिवार शहरापासून एका दिवसाच्या टप्प्यांत आहे. मात्र येथील वाट एकसारखी नसते. पायथ्याशीं भातखाचरांचा चिखल, मध्यें मुरमाचा घसारा आणि माथ्याजवळ काळ्या पाषाणाचा कडा. हरिहरच्या कोरीव पायऱ्या तर इतक्या उभ्या आहेत कीं, हातांनीं धरण्यासाठीं त्यांच्या बाजूस खोबण्या खोदलेल्या आहेत. पावसाळ्यांत या सर्वांवर शेवाळ धरतें. हीं सर्व कामें एकाच जोड्यानें करावयाचीं असतात.

हाच पेच हिमप्रदेशांत अधिक तीव्र होतो. आल्प्स पर्वतांत, तसेंच आपल्याकडे गुलमर्ग येथें, कांहीं लोक पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून बर्फाचा डोंगर स्वतःच्या पायांनीं चढतात आणि मग घसरत उतरतात. चढतांना घोटा मोकळा हवा. उतरतांना मात्र नडगीपासून तळव्यापर्यंत बूट ताठ हवा, नाहीं तर पट्ट्या ताब्यांत राहत नाहींत. म्हणून त्यांच्या बुटाला मागच्या बाजूस एक कळ असते. ती सोडली कीं घोटा हलूं लागतो. लावली कीं बूट ताठ होतो. सह्याद्रींतील जोड्याला अशी कळ नसते. तिचें काम नाडीला करावें लागतें. तत्त्व मात्र एकच. जेथें आधार द्यावयाचा तेथें जोडा ताठ असावा, आणि जेथें पायाला पसरावयाचें तेथें तो मोकळा असावा.

पुष्कळ लोक येथेंच फसतात. दुकानांतील गुळगुळीत फरशीवर मऊ जोडा सुखाचा वाटतो. पण दगडगोट्यांवर तोच तळवा थकवितो, कारण प्रत्येक खड्याचा भार पायाच्या स्नायूंना उचलावा लागतो. याची परीक्षा सोपी आहे. जोड्याचें टोक आणि टाच दोन हातांत धरून तो वांकवावा. बोटें जेथें दुमडतात तेथेंच तो वांकला पाहिजे. मधोमध वांकणारा जोडा घसाऱ्याच्या कामाचा नव्हे. मग तो ओल्या कपड्यासारखा पिळून पाहावा. सहज पिळला गेला तर तिरप्या उतारावर तो पायाला सांवरणार नाहीं. टाचेमागील भाग अंगठ्यानें दाबला असतां सहजीं आंत जातां कामा नये.

ताठपणा म्हणजे आवळपणा नव्हे. दिवसभराच्या वापरानें पाय किंचित् सुजतो, म्हणून जोडा सायंकाळीं घ्यावा, आणि डोंगरावर जे मोजे घालावयाचे तेच घालून घ्यावा. दोन्ही पायांचें माप क्वचितच सारखें असतें. मोठ्या पायाचें माप प्रमाण मानावें. नाडी न बांधतां पाय पुढें सरकवला असतां टाचेमागें एक बोट शिरलें पाहिजे. नंतर नाडी बांधून जिन्यावरून उतरून पाहावें. बोटें पुढें आपटलीं तर तो जोडा तेथेंच ठेवावा. तीन तासांच्या उतारांत तीं नखें काळीं पडल्याशिवाय राहत नाहींत. टाच वर उचलली जात असेल तर फोड ठरलेला. घर्षण, उष्णता आणि ओल यांच्या संगनमतानें फोड येतो. यासाठीं घाम धरून ठेवणाऱ्या सुती मोज्यांपेक्षां लोकरीचे मोजे बरे.

तळाच्या रबराचें महत्त्वही तितकेंच आहे. १९३५ सालीं आल्प्समध्यें सहा गिर्यारोहक वादळांत सांपडून मृत्यु पावले. त्यांच्या पायांतील हलकीं पायताणें तशा हवेंत निरुपयोगी ठरलीं होतीं. त्या दुर्घटनेनंतर विटाले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकानें १९३७ च्या सुमारास खोल खांचांचा रबरी तळ बाजारांत आणला. या खांचा चिखल व मुरूम यांत रुततात. पण ओल्या गुळगुळीत कातळावर खांचांपेक्षां रबराचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो. कठीण रबर पुष्कळ दिवस टिकतें, पण दगडावर घसरतें. मऊ रबर दगड धरतें, पण लवकर झिजतें. शेवाळावर मात्र कोणत्याही तळाचा भरंवसा धरूं नये.

माळ्यावर जपून ठेवलेला जुना जोडाही धोक्याचा असतो. कांहीं तळांतील कृत्रिम फेस हवेंतील ओलाव्यानें वर्षानुवर्षें आंतून कुजत जातो. वरून नवाकोरा दिसणारा जोडा कड्याखालींच तळ सोडतो. म्हणून निघण्यापूर्वीं तो आठवडाभर रोजच्या फिरण्यांत वापरावा आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून पाहाव्या. भिजलेला जोडा चुलीजवळ न वाळवितां आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलींत ठेवावा.

डोंगरवाडीचा मनुष्य अनवाणी चढतो, मग हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याच्या तळव्याला बाळपणापासून दगडाची ओळख असते. शहरांतल्या पायाची ती ओळख राहिलेली नाहीं, आणि ती एका रविवारांत होत नाहीं.

चढतांना पुढचें पाऊल डोळ्यांसमोर असतें आणि अंगांत उत्साह असतो. उतरतांना गुडघे थकलेले, ऊन कललेलें आणि सर्व शरीराचा भार पुढच्या पावलावर असतो. तेव्हां माथ्यावरून निघण्यापूर्वीं क्षणभर बसावें, टाच मागें दाबून घोट्याशीं नाडी घट्ट बांधावी, बोटांवर ती सैल ठेवावी, आणि मगच पहिलें पाऊल खालीं टाकावें. जोड्याची खरी पारख चढावर होत नाहीं. ती उतारावर होते.