काळे वाघ, बंद कुळं आणि नशिबाचा भाग

परवा नेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, एखादं लक्षण एखाद्या जंगलात खूप दिसतंय, म्हणजे ते तिथे फायद्याचंच असणार ना?" मी हसले, कारण पीएच.डी.च्या मुलाखतीत मीही अगदी हेच उत्तर ठोकून दिलं होतं. समोरून शांतपणे प्रश्न आला, "आणि तो निव्वळ योगायोग असेल तर?" मी गप्प! आज त्याच प्रश्नाबद्दल.

एरिन हंटर या टोपणनावाने लिहिलेल्या 'वॉरियर्स' कादंबऱ्या काहींनी वाचल्या असतील. त्यात जंगलातल्या मांजरांची कुळं आहेत आणि दुसऱ्या कुळातला जोडीदार निवडायला बंदी आहे. आपण असंच एक कूळ कल्पनेत घेऊ. मांजरं 10. प्रत्येकीकडे एका जीनच्या दोन प्रती, म्हणजे एकूण 20. त्यातल्या एका प्रतीत म्युटेशन झालं, ज्यामुळे शेपूट वाकडी होते. पण दोन्ही प्रती तशा असतील तरच.

या मांजरीची दोनच पिल्लं जगली असं समजा. प्रत्येक पिल्लाच्या वेळी छापा-काटा. दोघांनाही म्युटेशन मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, कुणालाच न मिळण्याचीही तेवढीच. हजार मांजरांत असे योगायोग एकमेकांना खोडून काढतात. दहांत नाही. फायदा-तोटा काहीच नसलेलं नवं म्युटेशन अख्ख्या कुळात पसरण्याची शक्यता इथे 20 मध्ये 1, हजारांच्या कुळात 2000 मध्ये 1. यालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. शिवाय कूळ बंद असलं की सगळेच नातेवाईक, त्यामुळे लपलेली म्युटेशन्स जोडीने समोर येतात.

कथा वाटते? फ्लोरिडातल्या पँथरचं हेच झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम 20-30 उरले होते. वाकडी शेपटी, पाठीवर केसांचा भोवरा इथवर ठीक. पण न उतरलेली वृषणं आणि हृदयातले दोषही दिसत होते. 1995 मध्ये टेक्ससहून 8 माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष घटले आणि संख्या वाढली.

आता आपल्याकडे या. ओडिशातल्या सिमिलीपालचे 'काळे' वाघ खरं तर पूर्ण काळे नाहीत. त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. बंगळुरूच्या एनसीबीएसमधले विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये यामागचं कारण मांडलं: टॅक्पेप नावाच्या जीनमधलं एक म्युटेशन. सिमिलीपालमध्ये त्याची वारंवारता 0.58, तर इतर ठिकाणच्या 395 वाघांत ते एकदाही सापडलं नाही.

दाट जंगलात काळा रंग लपायला बरा, ही गोष्ट इथे किती सहज सुचते बघा! पण त्यांनी आधी विचारलं, नुसत्या ड्रिफ्टने हे घडू शकतं का? सिमिलीपालचे वाघ मोजके आणि बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. सिम्युलेशन्समधून उत्तर आलं, हो, घडू शकतं. निवडीची शक्यता त्यांनी पूर्णपणे नाकारली नाही, पण ती गृहीतही धरली नाही. संशोधनाची शिस्त ती हीच.

म्हणजे ज्या वाघांचे फोटो आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो, त्यांचा रंग हा धोक्याचा इशाराही आहे. आज पट्टे जुळले, उद्या हृदयाचा दोष जुळू शकतो. म्हणूनच 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी तिकडे नेल्या. झीनत तर झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये पोचली. तिला बांकुड्यात पकडून परत आणावं लागलं. कूळ उघडणं कागदावर सोपं असतं!

नवं रक्त मिसळलं तर काळे वाघ कमी होतील. मग आपण वाचवायचं काय, रंग की वाघ? माझं मत, वाघ.

जाता जाता गृहपाठ: 0.58 चा वर्ग काढा आणि सिमिलीपालमध्ये दिसलेल्या सुमारे 37 टक्के काळ्या वाघांशी ताडून बघा. आकडे किती जवळ येतात ते पाहा. आणि पुढच्या वेळी एखादं लक्षण 'फायद्याचं' म्हणण्याआधी कूळ किती मोठं आहे, ते मोजा.