जलद तपासणी आणि ‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ

संसर्गजन्य रोगांच्या निदानासाठी पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या आता सर्वत्र उपलब्ध आहेत. असे असताना त्याच रुग्णाची दुसरी, अधिक खर्चिक तपासणी कशासाठी, असा प्रश्न नातेवाईक व देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. संस्थेच्या जमाखर्चाशीही त्याचा संबंध असल्याने येथे खुलासा करणे उचित वाटते.

रोग असलेल्या शंभरांपैकी किती जणांना तपासणी ओळखते, ही तिची संवेदनक्षमता. रोग नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती निरोगी ठरवते, ही तिची विशिष्टता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १४ जून २०२० रोजी कोविडच्या जलद अँटिजेन तपासणीविषयी सूचना दिल्या, तेव्हा मूल्यमापनात तिची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, तर संवेदनक्षमता ५०.६ ते ८४ टक्के आढळली होती. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ निकाल भरवशाचा. परंतु शंभर बाधितांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण निसटण्याचा संभव. म्हणूनच लक्षणे असूनही ‘निगेटिव्ह’ ठरलेल्यांची आरटी-पीसीआर तपासणी करण्यास परिषदेने त्याच वेळी सांगितले.

याचे कारण पट्टीच्या रचनेत आहे. नमुन्यातील रोगजंतूंची प्रथिने रंगीत, बहुधा सोन्याच्या, अतिसूक्ष्म कणांना चिकटून पुढे सरकतात व पट्टीवरील प्रतिपिंडांच्या रेघेवर अडकतात. पुरेसे कण साचले तरच रेघ डोळ्यांना दिसते. पीसीआर पद्धतीत जंतूंच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती तयार होतात. पट्टीत तशी सोय नसते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अनेक दिशांनी चालू आहेत. सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवून रेघ ठळक करता येते. प्रकाशमान कण वापरून निकाल यंत्राने वाचता येतो. डेंग्यूमध्ये एनएस-१ हे प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसांत आढळते, तर आयजीएम प्रतिपिंडे साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून. दोन्ही एकत्र तपासल्यास निसटणारे रुग्ण कमी होतात. क्षयरोगात सूक्ष्मदर्शकाला थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कितीतरी कमी जंतू ओळखणाऱ्या जनुकीय तपासण्यांपैकी गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली.

योग्य दिवशी व योग्य रीतीने घेतलेला नमुना आणि ठरलेल्या तापमानात ठेवलेल्या पट्ट्या, यांनीही निकालाची विश्वासार्हता वाढते.

दुसऱ्या तपासणीचा खर्च हा दुबार खर्च नव्हे. निदान निसटलेल्या रुग्णाची प्रकृती बिघडल्यावर होणारा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो, आणि त्याची भरपाई पैशाने नेहमीच होते असे नाही. देणगीदारांनी ही बाब ध्यानी घ्यावी. नातेवाईकांना नम्र विनंती, की ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे डॉक्टरांना अवश्य सांगावे आणि केवळ ‘निगेटिव्ह’ अहवालावरून रुग्णाचे उपचार थांबवू नयेत.